गाडी तापली की बंद पडते? आधी ठिणगी पाहा!

जुन्या पेट्रोल गाडीचा एक आजार असा आहे की त्याने अनेक टॅक्सीवाल्यांच्या घरचे महिन्याचे गणित बिघडवले. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. तास-दीड तास सुरळीत धावते. मग ऊन चढते, गर्दी वाढते, गाडी दोन-तीन झटके मारते आणि बंद! बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारा, उपयोग नाही. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभी ठेवली की जणू काही झालेच नव्हते अशी पुन्हा चालू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती ठणठणीत असते. मेस्त्री विचारतो, "कुठे काय झालंय?"

आमच्या घरात हे दुखणे 1995 सालच्या मे महिन्यात आले. माझे वडील टॅक्सी चालवत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली, टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अखेरपर्यंत 'फियाट'च. जुनीच घेतली होती, पतपेढीचे कर्ज काढून. हप्ता चुकला तर जामीन राहिलेल्या दोन शेजाऱ्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जूनमध्ये आम्हा तिघा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च होता. आणि नेमकी तेव्हाच गाडी रुसू लागली.

एका दुपारी चेंबूरहून एक कुटुंब मुंबई सेंट्रलला निघाले होते. गावाला जायचे होते, सोबत दोन ट्रंका आणि लहान मूल. लालबागला सिग्नलपाशी गाडी थांबली ती थांबलीच. दादांनी ट्रंका स्वतः उचलून दुसऱ्या टॅक्सीत ठेवल्या. मीटर पडलेले होते, पण पैसे घेतले नाहीत. रात्री घरी येऊन ते जेवले नाहीत.

स्टँडवरचे डॉक्टर

टॅक्सी स्टँडवर प्रत्येक जण डॉक्टर असतो. बहुतेकांचे निदान एकच होते: "पंपात एअर लॉक होतोय." हे निदान अगदीच चुकीचे नव्हते, हे लक्षात घ्या. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. उन्हाळ्यात तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ दाबली जाते, पुढे ढकलली जात नाही, आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. त्यावर टॅक्सीवाल्यांचा ठरलेला इलाज म्हणजे पंपावर ओले फडके. दादाही तेच करीत. बॉनेट उघडायचे, बाटलीतले पाणी फडक्यावर ओतायचे, फडके पंपावर टाकायचे, एक चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी चालू! त्यामुळे फडक्यावरचा विश्वास रोज वाढत होता.

मग नवा पंप बसवला. दोन दिवसांनी गाडी पुन्हा बंद. मग एका मेस्त्रीने कार्बोरेटर खोलला. दुसऱ्याने पॉइंट, कन्डेन्सर आणि चारही प्लग एकदम बदलले. त्याने गाडीचा आवाज सुधारला, पण चौथ्या दिवशी दुपारी ती सायनला उभी राहिली. चार भाग एकदम बदलले की सुधारले ते कशामुळे आणि उरले ते काय, हे कुणालाच सांगता येत नाही. पैसे मात्र चारही भागांचे जातात. जवळपास आठवड्याची कमाई अशी बॉनेटखाली गेली.

मी तेव्हा आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला होतो. पुस्तकातले सगळे पाठ होते, पण मलाही काही सुचले नाही. सुचले ते आईला, आणि तिने कधी बॉनेट उघडलेले नव्हते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आपला टीव्हीसुद्धा तासाभराने असाच जायचा ना? गार झाला की परत लागायचा. त्यात कुठं पेट्रोल होतं?"

दादा हसले. मला मात्र हसू आले नाही. फडके पंपावर टाकून आपण वीस मिनिटे थांबतो, तेव्हा गार होतो तो काय फक्त पंप? बॉनेट उघडे असते, सगळेच गार होत असते. गाडी चालू होते ती थांबल्यामुळे, आणि श्रेय जाते फडक्याला! टीव्हीसारखा विजेचाच एखादा भाग तापून दगा देत असेल तर?

ठिणगी येते कुठून

पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते. ठिणगीला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. बॅटरी तर बारा व्होल्टची. ही उडी मारून देणारा डबा म्हणजे इग्निशन कॉईल. दिसायला साधा, ॲल्युमिनियमच्या गोल डब्यासारखा. आत लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे असतात: एक जाड तारेचा, काहीशे वेढ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. बहुतेक जुन्या कॉईलमध्ये भोवताली तेल भरलेले असते.

यामागचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी 1831 साली लंडनमध्ये शोधले. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, वयाच्या चौदाव्या वर्षापासून पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तके वाचून हा माणूस शास्त्रज्ञ झाला. त्यांनी लोखंडी कड्यावर तारेचे दोन गुंडाळे केले, एकाला बॅटरी जोडली, दुसऱ्याशी होकायंत्रासारखी सुई ठेवली. वीज वाहत असताना सुई स्वस्थ. वीज चालू करताना आणि तोडताना मात्र सुई हलायची. म्हणजे पहिल्या गुंडाळ्यातील वीज बदलते त्या क्षणीच दुसऱ्यात वीज उठते!

गाडीत ही वीज तोडण्याचे काम पॉइंट करतात. डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन छोटे संपर्क असतात, ते उघडले की जाड तारेतील वीज तुटते आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. रोटर ती ठिणगी पाळीपाळीने चारही प्लगना वाटतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. कन्डेन्सर हा छोटा डबा पॉइंटच्या मदतीला असतो. पॉइंट उघडताना तेथेच वीज जळून जाऊ नये, ती झटक्यात तुटावी, हे त्याचे काम.

मोटारगाडीत ही रचना रूढ केली ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी, 1910 च्या सुमारास. त्यांच्या कंपनीचे नाव डेल्को. आपल्याकडचे जुने मेस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात ते त्यावरून.

आता तापण्याचे कोडे उलगडते. कॉईलमधील बारीक तारेवर पातळ लेप असतो. वर्षानुवर्षे तापून लेपाला तडे जातात. गाडी तापली की तार प्रसरण पावते. कुठे तुटलेले टोक सुटते, कुठे शेजारचे वेढे एकमेकांना भिडतात, आणि ठिणगी मरते. गार झाले की तार जागेवर येते. म्हणूनच गार कॉईल गॅरेजमध्ये मीटर लावून तपासली तर आकडा बरोबर येतो आणि मेस्त्री सांगतो, कॉईल चांगली आहे. तो खोटे बोलत नसतो. तपासण्याची वेळ चुकलेली असते.

रविवारची परीक्षा

पुढच्या रविवारी दादा आणि मी पॅसेंजर न घेता गाडी काढली. सोबत एक टेस्ट लॅम्प, म्हणजे बारा व्होल्टचा डॅशबोर्डचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. शिवाय आईने दोरीवरून काढून दिलेला लाकडी चिमटा, पाण्याची बाटली, फडके. आणि ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने दिवसभरासाठी दिलेली त्याची चालू कॉईल. अट एकच: गाडी बंद पडली की लगेच तपासायचे. चहा नाही!

सव्वा तासाने, सायन ओलांडल्यावर, गाडीने झटके मारले. मनात पहिल्यांदाच आनंद झाला.

कडेला घेऊन बॉनेट उघडले. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीच्या मधोमध कॉईलकडून येणारी जाड वायर असते, ती उपसली. चिमट्यात धरून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर ठेवले. दादांनी सेल्फ मारला. ठिणगी नाही! म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नव्हता. तीन आठवडे आम्ही ज्या पंपाला पाणी पाजत होतो तो निर्दोष होता.

मग टेस्ट लॅम्प. एक वायर गाडीच्या बॉडीला, दुसरी कॉईलच्या त्या टोकाला जिथे चावीकडून वीज येते. चावी दिली, बल्ब पेटला. वीज येत होती. मग दुसरी वायर कॉईलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला लावली आणि सेल्फ मारला. बल्ब लुकलुकत होता, पेटे, विझे. पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो. म्हणजे पॉइंट आपले काम करीत होते. आत वीज जात होती, तुटत होती, तरी बाहेर ठिणगी नव्हती. संशयित उरले दोन: कॉईल आणि कन्डेन्सर. कन्डेन्सरही तापून दगा देऊ शकतो. पण तो नुकताच बदलला होता, आणि दुखणे बदलण्याआधी होते तसेच नंतरही होते.

कॉईलला हात लावला तर चटका बसला. पुन्हा तेच ओले फडके घेतले, पण या वेळी नीट पिळून, आणि फक्त कॉईलच्या डब्याभोवती गुंडाळले, तारांच्या टोकांना पाणी लागू न देता. पंपाला हात लावला नाही. चार-पाच मिनिटांत चिमट्याच्या टोकाशी ठिणगी आली, आधी पिवळसर आणि मरतुकडी, मग निळी, कडकडीत. दादा सीटवरून उतरून पाहायला आले. पुन्हा सेल्फ मारायचे राहूनच गेले.

मागून आणलेली कॉईल बसवली आणि संध्याकाळपर्यंत गाडी फिरवली. एकदाही बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी नवी कॉईल घेतली. आधीच्या सगळ्या भागांना जे पैसे गेले होते त्यापुढे तिची किंमत काहीच नव्हती.

स्वतः करताना

ज्यांच्याकडे अजून पॉइंटची जुनी गाडी आहे त्यांनी हे जरूर करावे, पण जपून. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर ठिणगीची परीक्षा मुळीच करू नये. जाड वायर हाताने धरू नये. कोरडा लाकडी चिमटा किंवा रबरी मुठीची पक्कड घ्यावी. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने या कामापासून दूरच राहावे. वायरचे टोक धातूपासून फार लांबही धरू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉईलच्या आतच वाट काढते आणि चांगली कॉईल बिघडते.

बल्ब कॉईलच्या पहिल्या टोकालाच पेटला नाही, तर दोष कॉईलच्या आधी, चावीत किंवा वायरीत. दुसऱ्या टोकाला तो सतत पेटलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत. मळले आहेत किंवा त्यांच्यातील फट जास्त आहे. कधीच पेटला नाही, तर कॉईलपासून डिस्ट्रिब्यूटरला जाणारी बारीक वायर सोडून पुन्हा पाहावे. आता पेटला तर दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये, तरीही न पेटला तर कॉईलच्या जाड तारेत.

कन्डेन्सर ओळखायचा तर पॉइंटकडे पाहावे. पॉइंट लवकर काळे पडत असतील, उघडताना तेथे मोठी ठिणगी दिसत असेल, इंजिन रेस घेत नसेल, तर कन्डेन्सरवर संशय घ्यावा. तो स्वस्त असतो, तेव्हा बदलून पाहायला हरकत नाही. मात्र तो एकटाच बदलावा आणि जुना फेकू नये. डब्यातून काढलेला नवा भागसुद्धा खराब निघू शकतो. नवे म्हणजे चांगले, हा समज दुकानदाराच्या सोयीचा आहे!

पावसाळ्यातले दुखणे वेगळे. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत दमटपणा शिरला की गाडी सकाळीच चालू होत नाही, आणि तापल्यावर उलट सुधारते. टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसावी, केसासारखी काळी रेघ दिसते का पाहावे. तशी रेघ असेल तर टोपी गेली. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींकडे पाहिले तर जिथे वीज गळते तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. दिवसा ते कधीच दिसत नाही. पाहताना हात मात्र लांब ठेवावेत, पंखा फिरत असतो.

कॉईल का गेली?

ही गोष्ट दादांनीच शोधली, आणि सांगायला त्यांना थोडे जड गेले. स्टँडवर नंबर लागेपर्यंत ते गाडीतल्या रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत. रेडिओ चावीवर चाले. इंजिन बंद, चावी चालू! अशा वेळी पॉइंट मिटलेल्या अवस्थेत थांबले असतील तर कॉईलमधून वीज सतत वाहते. जाड तारेचा अडथळा साधारण तीन ओहम, बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे चार अँपिअर, अठ्ठेचाळीस वॅट. चाळीसच्या दिव्याहून जास्त उष्णता त्या बंद डब्यात तासन् तास. दादांची कॉईल त्यामुळेच गेली असे मी छातीठोक सांगणार नाही, ती जुनीही होतीच. पण त्यानंतर त्यांनी सेलवर चालणारा छोटा रेडिओ घेतला आणि स्टँडवर चावी खिशात ठेवू लागले.

2000 सालानंतर मुंबईच्या टॅक्सी हळूहळू सीएनजीवर गेल्या. गॅसवर पेट्रोल पंपाचे काम नाही, त्यामुळे एअर लॉकची सबबही संपली. पण गॅसचे मिश्रण पेटवायला ठिणगी अधिक जोरदार लागते. पेट्रोलवर कशाबशा रेटणाऱ्या अशक्त कॉईल गॅसवर उघड्या पडल्या. दादांनी तेव्हा स्टँडवरच्या कितीतरी जणांच्या कॉईलना हात लावून पाहिला असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 2003 च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 पासून, मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आमची त्याआधीच गेली होती.

नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, कन्डेन्सर नाही, डिस्ट्रिब्यूटरही नाही. कॉईल मात्र आहे. बऱ्याच गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक-एक. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याची गाडी अशीच तापल्यावर मिसिंग करू लागली. गॅरेजवाल्याने चारही कॉईल बदलायला सांगितल्या. रक्कम ऐकून तो माझ्याकडे आला. स्कॅनरवर दोन नंबरचा सिलिंडर मिस होतो असे दिसत होते. इंजिन बंद करून, थोडे निवू देऊन, आम्ही दोन आणि तीन नंबरच्या कॉईलची अदलाबदल केली, बाकी कशाला हात लावला नाही, आणि गाडी तापेपर्यंत फिरवून आणली. मिसिंग तीन नंबरवर गेले होते. कॉईल एकच आणली.